लेसरची तीट

सासवडजवळच्या प्रकाशसंवाद प्रयोगशाळेत मोजणीयंत्राच्या पडद्यावर पुन्हा दोन सुळके उभे राहिले, तेव्हा लेसर घडवणाऱ्या वत्सलाबाई घोडक्यांनी कपाळावर हात मारला. दोन सुळके म्हणजे दोन रंग. या लेसरने एकच द्यायचा होता.

हा लेसर चंद्रावरच्या वसाहतीला पृथ्वीवरचं बोलणं पोचवण्यासाठी होता. उन्हाचा झगमगाट गाळण्यासाठी तिथलं ग्रहणयंत्र एकाच तरंगलांबीचा प्रकाश आत घेई. रंग जरा सरकला की दार बंद. चंद्राकडचा लेसर जुना आणि गुणी होता, म्हणून बाईंना तिथे राहणारी लेक रेणुका रोज दिसे, ऐकू येई. रेणुकाला मात्र आठ महिने आईचा शब्द पोचत नव्हता. रेडिओवरून लेखी निरोप तेवढे जात. पण नवव्या महिन्यातल्या लेकीने एकच मागणं केलं होतं, "कळा सुरू झाल्या की बोलत राहा, आई. बाकी काही नको." दिवस उरले होते जेमतेम बारा.

डॉ. शाल्मली बिडकर लेसरच्या चकतीवर कोरलेल्या रेषा सूक्ष्मदर्शकातून पाहत होत्या. "बाई, रेषा अगदी एकसारख्या आहेत. एकही चूक नाही."

"एकबी न्हाई? मग माझी तीट, ती मुद्दाम ठेवायची चूक, कुठं हाय?"

शाल्मलीने मान वर केली. "आराखड्यात आहे. चकतीवर नाही!"

रेषा कोरणारं यंत्र म्हणजे लेखणी. ते शिकणारं, बोलणारं आणि भलतंच शहाणं होतं. दोघींनी त्यालाच जाब विचारला.

"दृष्ट लागते याला पुरावा नाही," लेखणी अदबीने म्हणाली. "म्हणून मी तीट गाळते."

शाल्मलीला हसू आवरेना. "हे तुला सांगितलं कुणी?"

"वत्सलाबाईंनी. शब्दाचा अर्थ मी विचारला होता. त्या म्हणाल्या, देखण्या गोष्टीला मुद्दाम लावलेला डाग. खरंखोटं देव जाणे, पण लावावा."

बाईंना तो दिवस आठवला. रेणुकाला दिवस गेल्याची बातमी त्याच सकाळी आली होती. यंत्राने तीट विचारली लेसरची, त्यांनी सांगितली बाळाची. तीस वर्षांपूर्वी रेषांमधल्या त्या मुद्दाम सरकवलेल्या जागेला हे नाव ठेवलंही त्यांनीच. आता दोष द्यायचा कुणाला?

"ऐक, बाळा," त्या यंत्राला म्हणाल्या. "रेषांची लांबलचक शिडी हाय असं समज. परत्येक पायरी थोडा उजेड माघारी धाडती. सगळ्या पायऱ्या सारख्या असल्या, तर नेमका मधला रंग टिकत न्हाई. त्याच्या अलीकडचा आन् पलीकडचा, दोन्ही सारख्याच जोराने तग धरत्यात. कधी ह्यो, कधी त्यो. मधोमध अर्धी पायरी सरकवली, की मधल्या रंगाच्या लाटा जुळत्यात, आन् मग त्यो एकटाच ऱ्हातो."

"म्हणजे निर्दोष शिडी निरुपयोगी?"

"ह्या कामाला, व्हय."

लेखणी म्हणाली, "मग तीट हा शब्द चुकीचा आहे. तीट पुसली तरी बाळ तेच राहतं."

"चुकलंच माझं," बाई म्हणाल्या. "आजपासून अर्धी पायरी म्हण."

नवी चकती कोरायची, वर थर चढवायचे, कापायची, जोडायची. रात्रंदिवस खपूनही दहा दिवस गेले. अकराव्या दिवशी दुपारी पडद्यावर एकच सुळका उभा राहिला आणि तासाभरात रेणुकाच्या कळा सुरू झाल्या. बाईंना ती दिसत होती, ओठ घट्ट मिटलेली, कपाळ घामाने भिजलेलं.

"रेणूऽ! म्या हाय गं हितं! श्वास घे, लांब श्वास घे!"

प्रकाशाला जायला सव्वा सेकंद, उत्तर यायला तेवढाच. शाल्मली जपमाळ ओढावी तशी बोटांवर सेकंद मोजत राहिली.

रेणुकाने डोळे उघडले. "आई, किती ओरडतेस! येतंय ऐकू."

आठ महिने आवाज पोचत नसतानाही वत्सलाबाई अखंड बोलत होत्या, आणि आता एक शब्द फुटेना. शाल्मलीने कोपराने ढोसलं, "बोला की, बाई!"

"आई?" रेणुका घाबरली. "गेलं का गं परत?"

"न्हाई गं," बाई कशाबशा म्हणाल्या. "लाइन चांगली हाय. म्याच रडतीया जरा. तू श्वास घे."