बाबांचं इंजिन आणि चार बुचं

"अंगठा घट्ट धर," बाबा म्हणाले. "आतला वारा ढकलायला लागला की सांग."

स्पार्क प्लग जिथे बसतो त्या भोकावर ईदालिसने अंगठा दाबला. बाबा पुढची पुली पान्याने हळूहळू फिरवत होते. फुस्स झालं आणि अंगठा उडाला.

"आला!"

"म्हणजे पिस्टन वर आला. ठिणगी नेमकी आत्ता पडायला हवी. आधी नाही, नंतर नाही."

एप्रिलमधला रविवार होता. हिबारा गावात, अंगणातल्या आंब्याखाली बावन्न सालची शेव्हरोलेट उभी होती. पत्रा अमेरिकन, इंजिन रशियन व्होल्गाचं आणि बाकी सगळं बाबांच्या हातचं. आठ महिने खपून त्यांनी इंजिन पूर्ण सुटं करून पुन्हा बांधलं होतं. शेवटी चारी वायरी बसवून त्यांनी बोनेट लावलं.

"उद्या सकाळी किल्ली तू फिरवायचीस."

ईदालिस रॉकेलच्या चिंधीने बोटं पुसत होती. "मी नाही येणार. शाळेत सगळ्या म्हणतात, माझ्या हातांना तेलाचा वास येतो."

बाबांनी पाना पुसून ठेवला. मग म्हणाले, "बरं. आवाज घरात ऐकू येईलच."

दुसऱ्या दिवशी पहाटे बाबांचं हृदय झोपेतच बंद पडलं. इंजिनाचा आवाज कुणीच ऐकला नाही.

जुलैत सुट्टी लागली, तेव्हा एवेलिओमामा गाडीशी झटत होता. गावातल्या निम्म्या लाडा गाड्या त्याच्या हाताखालून गेल्या होत्या. त्याने सेल्फ मारला. इंजिन घुरघुरलं, दोनदा खोकलं आणि कार्बोरेटरमधून फाट्दिशी जाळ बाहेर आला. मामा मागे उडी मारून भुवई चाचपू लागला.

"आहे अजून, बाबा," त्याचा मुलगा ओस्निएल म्हणाला. "अर्धी."

"तू गप." मामाने बोनेट आपटलं आणि पायरीवर बसला. "ईदालिस, पोरी, ऐक. तुझ्या बाबांचं अंग शेवटी शेवटी बरं नव्हतं. हात चुकला असेल. उद्या दुपारी होल्गिन शहरातला माणूस ट्रक घेऊन येतोय. पत्रा, चाकं, सगळं सुटं करून नेईल. आईशी बोललोय मी."

"बाबांचा हात चुकला नाही."

"मलाही तसं म्हणायला आवडत नाही गं," मामा हळू आवाजात म्हणाला आणि बॅटरी चार्जिंगला लावायला निघून गेला.

ईदालिस आंब्याच्या मुळावर बसून राहिली. गाडी गेली तर गेली. पण बाबांनी आठ महिने खपून बिघडलेलं इंजिन बांधलं, असं गाव म्हणणार होतं. मामाने तर आजच म्हटलं होतं.

"रडायचंय की बघायचंय?" शेजारची दायामी कुंपणावरून विचारत होती. ती दहा वर्षांची होती आणि फाटकातून कधीच येत नसे.

"बघायचंय," ईदालिस म्हणाली.

तिघांनी बोनेट उघडलं. आधी पेट्रोल. ओस्निएलने कार्बोरेटरचा दांडा ओढला, तर आत पिचकारी उडाली. पेट्रोल येत होतं. मग ठिणगी. प्लग काढून लोखंडाला टेकवला, मामाने चार्जिंगला लावलेली बॅटरी आणून सेल्फचा एक झटका दिला. निळी ठिणगी तडतडली.

"पेट्रोल आहे, ठिणगी आहे," ओस्निएल म्हणाला. "मग हिला हवंय काय? कॉफी?"

दायामी वायरींकडे बघत होती. "ह्यांना हिरवा रंग का लागलाय?"

चारही वायरींच्या टोपणांवर हिरव्या बोटांचे ठसे होते. इंजिनाला तोच हिरवा रंग होता. पण एप्रिलमध्ये इंजिन काळं होतं, हे ईदालिसला पक्कं आठवत होतं.

ओस्निएलने डोकं खाजवलं. "जूनमध्ये माझ्या बाबांनी रंगवलं. गिऱ्हाइकाला बरं दिसावं म्हणून."

"म्हणजे वायरी काढल्या आणि परत लावल्या," ईदालिस म्हणाली. "बाबांच्या नंतर."

ठिणगी कुठल्या सिलिंडरला आधी आणि कुठल्या नंतर मिळणार, हे त्या वायरींच्या क्रमावर ठरतं. पण खरा क्रम कोण सांगणार? बाबा असते तर एका वाक्यात सांगितलं असतं. ईदालिस आपल्या अंगठ्याकडे बघत राहिली.

"इंजिनच सांगेल," ती एकदम म्हणाली. "चार अंगठे हवेत."

"आपण तिघं," ओस्निएल म्हणाला. "आणि पुली फिरवणार कोण?"

दायामी तोवर कुंपण ओलांडून गेलीही होती. तिचा आजा मासेमार. ती परतली तेव्हा तिच्या फ्रॉकच्या ओच्यात जाळ्याची जुनी बुचं होती. चाकूने तासून त्यांनी ती प्लगच्या चार भोकांवर अलगद बसवली. ईदालिसने पुलीला पाना लावला आणि बाबांसारखाच हळूहळू फिरवला.

टप्. पहिलं बूच उडालं.

टप्. "दुसरं," दायामी म्हणाली.

टप्. "चौथं. आजोबा मला मारणार."

टप्. तिसरं ओस्निएलच्या नाकाला लागलं.

एक, दोन, चार, तीन. तिघांनी पुन्हा केलं. तेच. मग वायरी ज्या झाकणात शिरतात ते काढून आतली फिरकी कुठल्या बाजूला वळते ते पाहिलं आणि त्याच बाजूने वायरी मोजल्या. लावलेला क्रम निघाला एक, तीन, चार, दोन.

दुसऱ्या दिवशी ट्रक दारात आला, तेव्हा ईदालिस मामासमोर उभी राहिली. "मामा, एकदाच सेल्फ मारू दे. त्याआधी हे बघ."

तिने बुचं बसवून दाखवली. चौथं बूच तिसऱ्याच्या आधी उडालं, तसा मामाचा हात कपाळावर गेला.

"व्होल्गा," तो पुटपुटला. "अरे देवा, हे व्होल्गाचं इंजिन. मी लाडाचा क्रम लावला. चाळीस वर्षं लाडाच केल्या, हात आपोआप तिकडेच गेला." त्याने टोपणावरचा आपलाच हिरवा ठसा चाचपला. "मी न बघता वायरी लावल्या आणि चूक मेलेल्या माणसावर घातली."

दोन नंबरची आणि तीन नंबरची वायर त्याने ईदालिसलाच बदलू दिली. प्लग बसले. ती गाडीत बसली. किल्ली फिरवली.

इंजिन एकदा घुरघुरलं, दुसऱ्यांदा पेटलं आणि मग एकसारखं चालू लागलं. आंब्यावरची पाखरं उडाली. स्वयंपाकघरातून आई धावत बाहेर आली आणि ओट्यावरच थांबली, हातातली पळी तशीच. ट्रकवाल्याने कान देऊन ऐकलं, टोपी काढली.

"कुणी बांधलंय हे?"

"माझ्या मेव्हण्याने," मामा म्हणाला. "आणि चालू ह्या तिघांनी केलंय. आमच्यासारख्या शहाण्यांनी नुसता रंग लावला. ट्रक रिकामाच ने, भाऊ."

सगळे बोनेटभोवती जमले. ईदालिस मात्र स्टीअरिंगमागेच बसून राहिली. तिने दोन्ही हात नाकाशी नेले. तेल, पेट्रोल, थोडं रॉकेल. शेजारची सीट रिकामी होती, आणि आवाज घरभर ऐकू येत होता.

"बाबा," ती मोठ्याने म्हणाली, इंजिनाच्या आवाजातही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, "मला आवडतो हा वास. तेव्हाही आवडायचा."