जास्तीची हवा

त्या दिवशी टांगा चुकला, म्हणून वच्छला धुळ्याच्या कापूसबाजारातून आडवी निघाली. दोन्ही बाजूंना बैलगाड्या, हवेत तरंगणारे पांढरे पुंजके, आणि एका गाडीवर उभा राहून लिलाव पुकारणारा उंच, सावळा तरुण. काय आवाज होता त्याचा! भरदार, मोकळा... त्याची नजर तिच्यावर पडली आणि पुकारा मध्येच तुटला.

"झुलालभाऊ, पुढं बोला ना!" व्यापारी ओरडले.

तो गडबडला. मग गाडीवरून वाकून हळूच म्हणाला, "बाई... तुमना केसमा कापूस शे."

अख्खा बाजार हसला. वच्छला मान खाली घालून झपाझप चालू लागली. केस झटकायचंही तिला सुचलं नाही. गाल मात्र दवाखान्यात पोचेपर्यंत तापलेले होते.

वच्छला दोंडाईच्याकडच्या शेतकऱ्याची मुलगी. भावकीनं नाकं मुरडली, तरी तिच्या आबांनी तिला नर्स केलं होतं. गावाबाहेरच्या ज्या दवाखान्यात ती काम करी, तिथले डॉक्टर नुकतेच महायुद्धावरून परतले होते. सगळे त्यांना मेजरसाहेब म्हणत. त्यांनी लष्करातून तांबड्या रबराची एक नळी आणली होती. भूल दिल्यावर ती रोग्याच्या श्वासनळीत सरकवायची. टोकाजवळ छोटा फुगा; सिरिंजनं त्यात हवा भरली की नळीभोवतीची फट बुजायची. मग ओकारी किंवा रक्त फुप्फुसात उतरत नसे, आणि बाहेरची पिशवी दाबून रोग्याला श्वास देता येई.

"हवा बेतानं," मेजरसाहेब तिला बजावत. "रोग्याच्या तोंडाशी कान लाव. फटीतून निसटणाऱ्या हवेची फुसफुस थांबली की तुझा हात थांबला पाहिजे. जास्त भरलीस, तर फुगा आतून गळा चेपतो."

थोड्याच दिवसांत दवाखान्यात धावपळ उडाली. गाडीवरची कापसाची गाठ घसरून झुलालच्या पोटावर पडली होती. आत पाणथरी, म्हणजे प्लीहा, फुटली होती. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम... तरी टेबलावर त्यानं तिला ओळखलं.

"सिस्टरबाई..." तो कसाबसा हसला. "कापूस निंघना का?"

तो भुलीत गेला, नळी आत गेली, आणि सिरिंज तिच्या हाती आली. तिनं कान लावला. फुसफुस... फुसफुस... थांबली. इथंच थांबायचं होतं. पण समोर तोच चेहरा होता, तेच ओठ होते. याला काही झालं तर? नळीभोवतून थेंबभर जरी आत गेलं तर? तिनं घाबरून आणखी हवा रेटली. आतल्या फुग्याला जोडलेला, बाहेर लोंबणारा तपासणीचा लहान फुगा तिनं चिमटीत धरून पाहिला. कच्च्या बोरासारखा टणक लागला. टणक म्हणजे पक्का, असं तिनं स्वतःला समजावलं.

ऑपरेशन दुपारभर चाललं. झुलाल वाचला.

पण शुद्धीवर आल्यावर त्यानं आईला हाक मारली, तेव्हा घशातून नुसती घरघर बाहेर पडली.

"वच्छला, हवा किती भरली होतीस?" मेजरसाहेबांनी विचारलं.

सगळे तिच्याकडं पाहत होते. झुलालची आई भिकुबाई पदर तोंडाशी धरून उभी होती.

"नेहमीइतकीच..." वच्छला म्हणाली.

खोटं बोलून झालं, आणि त्या क्षणापासून तिला आरशात बघवेना. त्याच्यासाठी ती कढत दूध आणी, वाफारा देई. भिकुबाई तिच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणे, "तूच वाचाडं मन्हा पोरले." तो हात तिला चटक्यासारखा लागे.

आणि झुलाल... तो बोलता येत नसतानाही छेडायचा थांबत नव्हता!

"सिस्टरबाई," तो कुजबुजला, "एक तक्रार शे."

"कोणती?"

"दूध लवकर थंड होतं."

"मग पटकन प्या."

"पटकन प्यायलो, तर तुम्ही पटकन जाल..."

तिला हसू आलं, आणि पाठोपाठ डोळे भरले. तिनं तोंड फिरवलं.

"रडता कसाले? आवाज येई परत," तो म्हणाला. "पुकारा करायचा शे ना माले."

ती उठून बाहेर गेली. व्हरांड्याच्या खांबाला टेकून उभी राहिली. कुणी आपल्याला नावं ठेवावीत, शिव्या द्याव्यात, असं तिला मनापासून वाटत होतं. पण सगळे तिला चांगलंच म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंदिराबाई नावाच्या बाईला बैलगाडीतून आणलं. आतडं पिळलेलं, पोट फुगलेलं, सारख्या ओकाऱ्या. मेजरसाहेब हात धूत म्हणाले, "ती रबरी नळी नको. एका पोराचा गळा घालवला तिनं. नुसता मास्क लावू."

वच्छलाला पुढचं सगळं दिसलं. मास्कवर भूल दिली आणि बाई ओकली, तर सगळं फुप्फुसात जाणार होतं.

"साहेब... नळी वाईट नाही." तिचा आवाज तिलाच ऐकू येईना. "मीच हवा जास्त भरली. फुगा टणक लागला होता, तरी सोडली नाही. मी... मी खोटं बोलले."

मेजरसाहेबांनी तिच्याकडं रोखून पाहिलं. त्या नजरेपेक्षा थोबाडीत बसली असती तर बरं, असं तिला झालं.

"हात धू," ते म्हणाले. "आज तूच भरायची."

तिनं कान लावला. फुसफुस थांबली, तिथंच हात थांबला. मग सबंध वेळ ती बाहेरचा फुगा चाचपत राहिली. घट्ट वाटला की किंचित हवा सोडायची, पुन्हा कान लावायचा. इंदिराबाई तगली. आठवडाभरानं चहात साखर कमी म्हणून तिनं नवऱ्याला असं खणखणीत झापलं की सगळा वॉर्ड हसला.

झुलालही हसला. वच्छला त्याच्या खाटेशी गेली.

"तुमचा आवाज... नळीनं गेला नाही. माझ्या हातानं गेला."

तिनं सगळं सांगितलं. त्याचं हसू हळूहळू विझलं. मग त्यानं भिंतीकडं कूस वळवली. घरी जायच्या दिवशी भिकुबाईनं निरोप घेतला. तो गाडीत बसला, पण त्यानं वळूनही पाहिलं नाही.

थंडी सरली. बाजारात दुसराच कुणी पुकारा करू लागल्याचं वच्छलाच्या कानावर आलं. तेव्हापासून ती बाजार टाळून लांबच्या रस्त्यानं जाऊ लागली.

उन्हं तापू लागली तेव्हा एका दुपारी तो गळा दाखवायला आला. मेजरसाहेबांनी तपासलं. आवाज आला होता, पण घोगरा, फाटका. पूर्वीसारखा होणार नाही, असं त्यांनी स्पष्टच सांगितलं. बाहेर पडला तेव्हा ती दाराशीच उभी होती.

"राग आला होता," तो म्हणाला. "खूप. तुमचं नाव काढलं तरी जेवण जात नव्हतं."

"यायलाच हवा होता..." ती पुटपुटली.

"आता नरडाण्याला शेती बघतो. बैलांना काही मोठ्यानं ओरडावं लागत नाही." तो थांबला. "पण एक सांगू? तुम्ही बोलला नसता, तर मला कधीच कळलं नसतं. तुम्हाला माहीत होतं ना ते?"

तिनं होकारार्थी मान हलवली. डोळे वर होईनात.

तो आणखी काहीतरी म्हणाला. वाऱ्यानं दार आपटलं आणि ते घोगरे शब्द त्यातच विरले.

"काय म्हणालात?"

"मोठ्यानं नाही येत मला बोलता, सिस्टरबाई. ऐकायचं तर... जवळ यावं लागेल."

शरमेनं तिचे कान लाल झाले होते. ही शरम एका दिवसात जाणारी नव्हती, हेही तिला ठाऊक होतं. तरी ती एक पाऊल पुढं आली.

"मन्हासंगे लगीन करशी का?" त्यानं विचारलं.

दवाखान्यात ती कधीच घरची बोली बोलत नसे. तिनं पदर बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला...

"आबाले इचार," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच मान वर करून तिनं त्याच्या डोळ्यांत पाहिलं.