फाइल हाताने टाकायची नाही

हे खरं आहे. विश्वास ठेवायचा नसेल तर नका ठेवू, पण जेवताना वाचू नका.

रात्र नव्हती. वीजही गेली नव्हती. रविवारची भर दुपार होती आणि ऑफिसात मी एकटाच होतो.

नोकरी नवीन होती. माझी ताई तिथे रिसेप्शनवर बसायची. तिने साहेबांकडे शब्द टाकला म्हणून मला घेतलं होतं. सोमवारी सकाळी कर्मचाऱ्यांच्या पोर्टलवर माझं पहिलं काम दिसायला हवं होतं. नाही दिसलं तर मी घरी, आणि ताईला मान खाली घालून तिथेच बसावं लागणार.

काम अगदी किरकोळ. जावामधलं एक साधं पोर्टलेट. म्हणजे पोर्टलच्या पानावरचा एक छोटा चौकोन. जो लॉगिन करेल त्याला त्यात 'नमस्कार' आणि त्याचं नाव दिसणार. बस.

मला शिकवायला एक सीनियर होते. सर हुशार होते, पण माणूस भयंकर गलिच्छ. बोलता बोलता तोंडात दोन बोटं घालायचे, काहीतरी ओढून काढायचे आणि टेबलाखालच्या डब्यात टाकायचे. नंतर त्याच बोटांनी माझा कीबोर्ड! मी तो रोज स्पिरिटने पुसायचो.

शुक्रवारी जाताना त्यांनी एकच गोष्ट बजावली.

"फाइल अपलोडच्या पानावरूनच चढव. सर्व्हरवरच्या डिप्लॉय फोल्डरमध्ये हाताने टाकायची नाही."

"का हो सर? सगळे तसंच करतात की."

"इथे नाही करत."

रविवारी अपलोडच्या पानावर गेलो, तर बटणच बंद. दाबून दाबून बोट दुखलं. सरांना फोन लावला. उचलला नाही.

मग काय करणार? टाकली फोल्डरमध्ये.

सर्व्हरला तिथे फाइल दिसली की तो ती आत ओढून घेतो, चौकोन पानावर लावायला तयार होतो आणि फोल्डर रिकामा होतो. यात घाबरण्यासारखं काहीच नाही.

फोल्डर रिकामा झाला.

आणि काचेपलीकडच्या सर्व्हर रूममधून आवाज आला...

मचमच... मचमच...

कोणीतरी तोंड उघडं ठेवून चावत होतं. मला तो आवाज माणसाचाही सहन होत नाही. आत तर माणूसच नव्हता. नुसते दिवे लुकलुकत होते. मग काहीतरी गिळल्याचा आवाज... आणि शांतता. पंख्यांची घरघरसुद्धा नाही.

मग वास आला. तुंबलेल्या मोरीचा.

नाकाला रुमाल लावून पान उघडलं. चौकोन दिसत होता. पण लॉगिन मी केलं होतं आणि त्यात नाव होतं ताईचं.

घाबरलो नाही, स्वतःवर चिडलो. चाचणीपुरतं एखादं नाव थेट कोडमध्ये लिहायचं आणि नंतर काढायचं, ही आमच्या धंद्यातली सवय. मी ताईचं पूर्ण नाव लिहिलं होतं. काढायचं राहिलं. गाढवपणा, दुसरं काय!

तेवढ्यात मोबाइल वाजला. ताईच होती.

"अरे, माझ्या तोंडात काहीतरी आहे..." ती ओकाऱ्या काढत होती. "केस आहे. ओढतेय, ओढतेय, संपतच नाहीये. माझा नाहीये रे. पांढरा आहे, ओला आहे... शी! मोरीचा वास येतोय!"

पुढे तिला बोलताच येईना. नुसती घुसमट ऐकू येत होती.

मी कोडमधलं नाव काढलं. फाइल नव्याने बनवली, फोल्डरमध्ये टाकली.

सर्व्हरने घेतली नाही.

परत टाकली. तिथेच पडून राहिली. पोर्टलेटच काढून टाकायला गेलो, तर तेही निघेना. मोबाइलवर ताईचा श्वास घरघरत होता...

टेबलावरच्या फोनवरून सरांना लावला. या वेळी पहिल्याच रिंगला उचलला.

"हाताने टाकलीस ना?" आवाज एकदम स्वच्छ. तोंड रिकामं असल्यासारखा. "आत नाव होतं?"

"ताईचं! सर, ती गुदमरतेय!"

"नाव नसलेली फाइल ते घेत नाही. दुसरं नाव घाल."

"कोणाचं?"



"माझं सोडून कोणाचंही," म्हणाले आणि फोन ठेवला.

खोटं कशाला बोलू? मी आधी त्यांचंच नाव घातलं. फाइल आत गेली... आणि तशीच बाहेर आली. एकदा चावलेलं ते परत घेत नसावं.

दुसऱ्या कोणाचं नाव सुचायला वेळ नव्हता. माझं टाइप केलं.

मचमच... मचमच...

मोबाइलवर ताई ढसाढसा रडत होती, पण श्वास घेत होती.

"गेलं रे," म्हणाली. "गेलं."

आणि माझ्या जिभेखाली काहीतरी वळवळलं...

सोमवारी पोर्टलेट व्यवस्थित चाललं. कोडमध्ये माझंच नाव होतं, तरी प्रत्येकाला स्वतःचं नाव दिसत होतं. साहेबांनी माझी पाठ थोपटली. ताईचा चेहरा फुलला होता. सर त्याच दिवशी नोकरी सोडून गेले. जाण्याआधी माझ्यासमोर बसून त्यांनी दोन केळी खाल्ली. इतक्या चवीने, की बघून मला शिसारी आली.

अपलोडचं बटण बंद करायचा अधिकार एकट्या सरांकडे होता, हे मला नंतर कळलं. कारण आता तो माझ्याकडे आहे.

टेबलाखाली मी डबा ठेवलाय. लोकांसमोर तोंडात बोटं घालायची नाहीत असं रोज ठरवतो, पण केस घशाशी आला की काय करणार? कितीही स्पिरिट लावलं तरी बोटांचा वास जात नाही. ताई आता माझ्याबरोबर जेवायला बसत नाही. तिला किळस येते. मी तिला काही सांगितलेलं नाही.

येत्या सोमवारपासून माझ्या हाताखाली एक नवीन बाई येतेय. तिलाही आधी एक साधं पोर्टलेटच चढवायला देणार आहेत.

बटण मी चालू ठेवलंय.

आज सकाळपासून दोनदा ते बंद करायचं पान उघडून बसलो होतो... पण अजून चालू ठेवलंय.