तुरटी न घेणारा झगा

बोदवड स्टेशनाच्या बाकावर माझ्याकडून ऐकलेल्या गोष्टीतलं निम्मं तिथंच झटकून घरी जायचं, असं आमच्या गावात म्हणतात. म्हणोत बिचारे. ही गोष्ट मात्र सगळीच्या सगळी खरी आहे. कितीही झटका, यातलं काही गळणार नाही.

गेल्या डिसेंबरातली. सुरू झाली जळगावात आणि धुळ्याच्या एका नाट्यगृहात संध्याकाळी संपली.

संपली म्हणतो खरा...

हिलाल नाना माझा आतेभाऊ. जळगावात त्याचं ड्रेपरीचं दुकान. शाळांच्या गॅदरिंगला मावळे, पऱ्या, वाघ, कोळिणी, सगळे पोशाख भाड्याने. पुढे दुकान, मागे घर. घरात तो, बायको सुलक्षणा आणि नववीतली नात मयुरी. पोरीचे आईबाप सुरतला कामाला. निघताना सून म्हणाली होती, "नाना, तुमच्या भरोशावर ठेवून जाते."

नानाने तो शब्द गाठीला बांधला होता.

तर भुसावळला गोऱ्या रेल्वे साहेबांच्या काळातलं एक नाचघर पाडलं. तिथली एक पेटी नानाने उचलून आणली. आत एकच झगा. पिवळट. जाळीच्या कापडाचे थरावर थर, अन् सगळे पापडासारखे कडक. कंबर एवढीशी, की मांजरीचाही श्वास कोंडावा.

पेटी देताना तिथला म्हातारा राखणदार म्हणाला, "धुऊ नका. धुवावाच लागला, तर शेवटच्या पाण्यात तुरटी टाका."

नानाला वाटलं, दृष्टीचं काम असेल. आपण नाही का पोरावरून तुरटी ओवाळून विस्तवावर टाकत? तसंच काहीतरी गोऱ्यांचं.

घरी येऊन तो ते सांगायचं विसरला.

आणि सुलक्षणाला मळकं कापड दिसलं की तिचे हात शिवशिवतात. तिने झगा साबणात भिजवला, खळखळून धुतला, नीळ घातली, गच्चीवर वाळत टाकला. भर दुपारी. पानही हलत नव्हतं.

झगा हलत होता...

"वाऱ्याने असेल," नाना म्हणाला.

"कुठाय वारा?" सुलक्षणा म्हणाली.

संध्याकाळी घरात गॅसचा वास सुटला. सुलक्षणाने रेग्युलेटर बंद केला. खिडक्या उघडल्या. सिलिंडर उचलून अंगणात नेऊन ठेवला.

वास जाईना.

शेवटी नाना वास घेत घेत कपाटापर्यंत गेला. झग्याला येत होता तो.

दुसऱ्या दिवशी विधी आली. मारवाडी कापडवाल्यांची लेक, पुण्याहून बॅले शिकून आलेली. वडिलांच्या गोदामाच्या माडीवर क्लास घ्यायची. मयुरी तिची लाडकी. धुळ्याच्या कार्यक्रमात मयुरी एकटी नाचणार होती आणि विधी पोशाख बघायला आली होती.

झगा बघून ती खालीच बसली.

"नाना, हा तर दीडशे वर्षांपूर्वीच्या तऱ्हेचा आहे! त्या काळी विलायतेत बायकांचे झगे जमिनीपर्यंत असायचे. आत पोलादी कड्यांचा पिंजरा. दारातून जायचं तर तिरकं व्हावं लागे. नाचणाऱ्यांनी तो घेर घोट्यापर्यंत कापला. पाय दिसायला हवेत ना. पुढे गुडघ्यापर्यंत. आणि कापड असं जाळीचं, ढगासारखं."

"लग्नाच्या लेहेंग्यात आतून कॅनकॅन लावतात तसं," सुलक्षणा म्हणाली.

"त्या कॅनकॅनची पणजी म्हणा, काकू!" विधी हसली. मग तिचं हसू मावळलं. "स्टेजच्या कडेला गॅसचे उघडे दिवे असायचे. झगा जरा घासला की पेटायचा. किती जणी जळाल्या. मग हुकूम निघाला, झगे तुरटीच्या पाण्यात बुडवा, म्हणजे आग धरणार नाही."

नानाच्या हातातली कात्री तशीच राहिली.

"बुडवले?"

"काहींनी. पुष्कळ जणी ऐकेनात. तुरटीने कापड कडक होतं, पिवळं पडतं. म्हणाल्या, त्यापेक्षा जळू दे. मग विंगेत माणूस उभा करायचे, ओली घोंगडी घेऊन. पेटली की धावायचं आणि गुंडाळायचं."

"पोहोचायचा का तो?"

"क्वचित," विधी झग्याची घडी घालत म्हणाली.

ती गेल्यावर नानाने किराणा दुकानातून तुरटी आणली, बादलीत विरघळवली आणि झगा बुडवला. स्वतः पहारा देत बसला. चहा तिथे, जेवण तिथे. झगा वाळला...

मऊ. पांढराशुभ्र. जाईच्या फुलासारखा.

नानाने बादलीतलं पाणी जिभेला लावलं. तुरटीने तोंड आवळून यायला हवं.

पाणी गोडं होतं.

पुन्हा तुरटी टाकली. दुप्पट. पुन्हा तेच. "कोणीतरी धुतंय गं," तो पुटपुटला. सुलक्षणाने देवापुढे दिवा लावायला काडी ओढली अन् झग्याकडे बघून चटकन विझवली.

तेवढ्यात मयुरी शाळेतून आली. दप्तर टाकलं. दारातच थांबली.

"नाना, कडक नको ना करू. पिवळा पडतो."

नाना बघतच राहिला. विधी बोलत होती तेव्हा ही शाळेत होती.

"तुला कोणी सांगितलं?"

मयुरीने झग्यावरून हात फिरवला. आवाज तिचाच होता. पण सावकाश... जसं कोणी शेजारी उभं राहून सांगतंय आणि ती ऐकून बोलतेय.

"त्यापेक्षा जळू दे."

नानाने झगा पेटीत घातला, कुलूप लावलं, किल्ली जानव्यासारखी गळ्यात अडकवली. शिलाई मशीनवर बसून कॅनकॅनच्या जाळीचा नवा झगा शिवला आणि तो तुरटीत बुडवला. त्याने मात्र तुरटी निमूट घेतली. कडक झाला. नानाला जरा धीर आला.

धुळ्याला तो नवा झगा घेऊनच गेले. नानाच्या पिशवीत घरची घोंगडीही होती. सुलक्षणाने टोमणा मारलाच, "नाट्यगृहात झोपायला चाललात वाटतं?"

स्टेजवर कडेने कारंज्याची नळकांडी मांडलेली. ठिणग्या उडवणारी, लग्नात नवरा-नवरीच्या मागे लावतात ती. नाना व्यवस्थापक अभिमनच्या हातापाया पडला.

"भाऊ, ते लावू नका."

"ओ नाना, थंडी आग शे ती! हात लाई दखा, काहीच व्हस नही." अभिमन हसला. "पोरीना नाच दखाले उनात का आग दखाले?" नाच बघायला आलात की आग, म्हणे.

नानाने नळावर घोंगडी भिजवली आणि विंगेत जाऊन उभा राहिला. पाणी टपटपत होतं. पोरं हसत होती.

पडदा वर गेला.

मयुरी आली...

अंगात नवा झगा नव्हता.

पांढरा. मऊ. ढगासारखा. जळगावात कुलुपात ठेवलेला. किल्ली नानाच्या गळ्यात होती, त्याने चाचपून पाहिली.

आणि गॅसचा वास आला.

मयुरी नाचू लागली. विधीने शिकवलेला नाच नव्हता तो. समोर बसलेली विधी उठून उभी राहिली होती. पोरीच्या पायांचा आवाजच येत नव्हता. फळ्यांवर एवढासाही नाही.

मग कारंजी सुटली.

नानाला धावायचं होतं. आयुष्यात एकदाच धावायचं असेल, तर ते आत्ताच. पण पाय फळ्यांना खिळले. ठिणग्या झग्यावर पडत होत्या, घेर त्यांच्यावरून फिरत होता, लोक टाळ्या पिटत होते.

तेव्हा त्याची नजर समोरच्या विंगेत गेली.

तिथे एक माणूस उभा होता. उंच, गोरा, मिशीवाला. कोटाची कॉलर उभी. दोन्ही हातांवर आडवी घोंगडी.

तो मयुरीकडे बघत नव्हता. नानाकडे बघत होता. दुखवट्याला आलेला माणूस घरच्यांकडे बघतो ना, तसा.

आणि सावकाश मान हलवत होता...

नाही.

नाही.

नाच संपला. काही झालं नाही. झग्याला एक भोकसुद्धा पडलं नाही. मयुरी धावत येऊन नानाला बिलगली. "नाना, कशी नाचले?" अंग तिचं तव्यासारखं तापलेलं. ताप नव्हता.

अभिमन म्हणाला, "दखा, काय व्हयनं? उगाच भ्यायनात!"

जळगावला परतले. पेटीचं कुलूप तसंच. आत तुरटीत कडक झालेला नवा झगा, नीट घडी घातलेला.

जुना नानाने मेहरूणच्या तलावात दगड बांधून सोडला. सकाळी गच्चीच्या दोरीवर होता. ठिबकत. जाळायचा तर विषयच नाही, नानाची काडी ओढायची हिंमत होत नाही. पोरीला सुरतला पाठवली, तर ती आठवड्यात अन्नपाणी सोडून बसली. आईने आणून सोडली. पुन्हा तेच म्हणाली, "नाना, तुमच्याच भरोशावर."

आता मयुरीला कार्यक्रमांवर कार्यक्रम येतात. येत्या शनिवारी पिंपळनेरला आहे. नाना प्रत्येक वेळी विंगेत उभा राहतो, घोंगडी भिजवून. समोर तो असतोच. दर वेळी एक पाऊल पुढे आलेला.

मी परवा नानाला म्हणालो, "अरे, तू आहेस ना घोंगडी घेऊन. मग कसली भीती?"

नाना घोंगडीची घडी घालत होता.

"भाऊ," तो म्हणाला, "त्याच्या पायाखालच्या फळ्या मी बघितल्या. पाण्याचं थारोळं होतं."

"म्हणजे?"

"त्याची घोंगडीपण ओलीच होती."