हिरवाच राहिलेला सिग्नल

सिग्नल हिरवा होता, तरीही धडक झाली. खनिजाची गाडी बोगद्यातून बाहेर आली आणि पुढे रुळांवर उभ्या असलेल्या पिवळ्या ट्रॉलीवर जाऊन आदळली. ट्रॉली फळीच्या कडेवरून खाली फरशीवर पडली. सकाळपासून हे तिसऱ्यांदा होत होतं.

"आजी, हा सिग्नल खोटं बोलतोय!" मुक्ता ओरडली.

मिरजेतल्या त्यांच्या फ्लॅटची मागची खोली गेली तीन वर्षं या रेल्वेनं अडवलेली होती. मुक्ताची आजी, शकुंतला बागेवाडी, रेल्वेच्या सिग्नल विभागात चौतीस वर्षं काम करून निवृत्त झाली होती. प्लायवूडच्या चार फळ्या जोडून दोघींनी त्यांवर रूळ टाकले होते. आधी तिथं हिरवा घाट होता. या सुट्टीत मुक्तानं घाटातली सगळी झाडं उपटली आणि तिथं चंद्र केला.

त्याला कारण पद्मजामावशी. आजीची ही धाकटी लेक चंद्रावर रेल्वेमार्गाची तपासनीस होती. खाणीतून बर्फमिश्रित माती डेपोपर्यंत नेणारा बेचाळीस किलोमीटरचा तो मार्ग मावशीनं सांगितला, तसाच मुक्तानं उभा केला. थर्माकोलची विवरं केली, पुठ्ठ्याचा बोगदा केला आणि कालच कुंभाराच्या भट्टीतली राख तीनदा वस्त्रगाळ करून सगळीकडे भुरभुरली. आता फळीवर हुबेहूब चंद्र उतरला होता. फक्त सिग्नल बिघडला होता.

आजीनं ट्रॉली उचलून मुक्ताच्या हातात दिली. "खोटं बोलतोय म्हणतेस. पण पुढे गाडी उभी आहे हे सिग्नलला कळतं कसं, ते सांग आधी."

"माहितेय मला. रूळ-परिपथ (रुळांमधूनच वाहणारी विजेची वाट)," मुक्ता म्हणाली. "आपल्या इंजिनाची बॅटरी त्याच्या पोटातच आहे. रुळांतली वीज फक्त सिग्नलसाठी. ती वेगळ्या बॅटरीतून निघते, डाव्या रुळावरून पुढे जाते, टोकाला असलेल्या विद्युतचुंबकातून (वीज वाहते तोवरच चुंबक असणाऱ्या तारेच्या वेटोळ्यातून) फिरते आणि उजव्या रुळावरून परत येते. चुंबक चालू असला की तो सिग्नलची पट्टी ओढून धरतो. मग हिरवा दिवा."

"आणि गाडी आली की?"

"गाडीची चाकं लोखंडी, त्यांना जोडणारा आसही लोखंडी. विजेला मधेच जवळची वाट मिळते. ती डाव्या रुळावरून चाकात, आसातून दुसऱ्या चाकात आणि तिथूनच मागे. चुंबकापर्यंत पोचतच नाही. चुंबक सुटतो, पट्टी आपल्या वजनानं खाली पडते. लाल!"

"आणि तार तुटली, बॅटरी संपली तर?"

"तरी चुंबक सुटणारच. तरी लालच."

"म्हणूनच शंभराहून जास्त वर्षं लोक त्याच्यावर विसंबून आहेत," आजी म्हणाली. "बिघडला तर लाल होतो. मग आपला हा बिघडून हिरवा कसा राहिला?"

तेवढ्यात भिंतीवरचा पडदा उजळला. रविवारचे चार वाजले होते. चंद्रावरच्या प्रत्येकाला आठवड्यातून पाच मिनिटं घरच्यांशी बोलता येई, आणि ही मावशीची पाच मिनिटं होती.

पडद्यावर शिरस्त्राणाची काच दिसली, मग काचेमागचं मावशीचं घामेजलेलं तोंड.

"मावशी, तू बाहेर आहेस?"

आवाज चंद्रापर्यंत जायला सव्वा सेकंद आणि उत्तर यायला सव्वा सेकंद लागत असे. तेवढं थांबून मावशी हसली. "हो गं. ट्रॉलीचे ब्रेक आवळून बसलेत. सातव्या टप्प्यात (दोन सिग्नलमधल्या सातव्या तुकड्यात) मधोमध उभी आहे. आज मुद्दाम अवजारांचे खोके डेपोत ठेवून हलकी होऊन निघाले, म्हटलं लवकर काम होईल, तर हे असं."

"नियंत्रण कक्षाला कळवलंस का?" आजीनं विचारलं.

"अर्ध्या तासाचं काम आहे आई. कळवलं की अर्जफाटे सुरू होतात. आणि मी रुळावर आहे म्हणजे मागचा सिग्नल लालच असणार. खनिजाची गाडी आली तरी बोगद्याच्या तोंडाशी थांबेल."

आजीच्या कपाळावर आठी आली, पण मावशीनं विषय बदलला. मुक्तानं तिला राखेचा चंद्र दाखवला. "अगदी असंच आहे बघ! या महिन्यात इथं जवळच नवीन खणणं सुरू झालंय. रुळांवर सारखी धूळ उडते," मावशी म्हणाली आणि पाच मिनिटं संपली.

मुक्ता पुन्हा फळीपाशी गेली. ट्रॉली रुळावर ठेवली. हिरवा. तिनं चिडून ट्रॉली बोटानं दाबली.

सिग्नल लाल झाला.

बोट उचललं. हिरवा. पुन्हा दाबलं. लाल.

"आजी!"

आजी शेजारी येऊन उभी राहिली. मुक्तानं त्याच जागी जड इंजिन ठेवलं. लाल. मग पॉलिश पेपरचा तुकडा घेऊन तिनं दोन्ही रूळ बोटभर घासले आणि चकचकीत झालेल्या जागी हलकी ट्रॉली ठेवली. लाल!

"राख आहे," ती सावकाश म्हणाली. "राख विद्युतरोधक (वीज वाहू न देणारी) आहे. चाक आणि रूळ यांच्यामध्ये तिचा पातळ थर बसलाय. इंजिन जड आहे, ते थर चिरडून रुळाला टेकतं. ट्रॉली हलकी आहे, ती नुसती थरावर बसते. म्हणून वीज आसातून जात नाही, ती सरळ चुंबकाकडे जाते. सिग्नलला वाटतं, रस्ता रिकामा आहे."

"शाबास. गंजलेल्या रुळांवर आम्हीही हा त्रास..." आजी बोलता बोलता थांबली.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"आजी, चंद्रावर वजन किती भरतं?"

"एक षष्ठांश." आजीचा आवाज एकदम बारीक झाला. "तीनशे किलोची ट्रॉली तिथं पन्नास किलोएवढीच दाबते. आणि आज तर तिनं खोकेही काढून ठेवलेत."

"आणि धूळ आहे."

आजी फोनकडे धावली. मुक्तानं आजीला धावताना कधीच पाहिलं नव्हतं.

चंद्ररेल्वेच्या पृथ्वीवरच्या नियंत्रण कक्षात त्या दिवशी अय्यूब पटवेकर नावाचे अधिकारी होते. आजीनं फोन स्पीकरवर टाकून सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बाई, माझ्यासमोर फलक आहे, ज्या टप्प्यात गाडी असेल त्याचा दिवा लागतो. सातवा टप्पा रिकामा आहे. ट्रॉली केव्हाच पुढे गेलेली दिसतेय."

"ती पुढे गेलेली तुम्हाला दिसली, की फक्त दिवा विझलेला दिसला?"

पलीकडे खुर्ची पुढे सरकल्याचा आवाज आला.

"आठव्या टप्प्याचा दिवा लागला का मधे? ती पुढे गेली असती तर तो लागायला हवा होता ना?" आजीनं विचारलं.

"नाही लागला." पटवेकरांचा आवाज बदलला होता. कळफलकाचा खडखडाट ऐकू आला. "मी थांबण्याचा आदेश सोडतोय... जात नाहीये. गाडी चार वाजून दहा मिनिटांनी बोगद्यात शिरलीय. आत रेडिओ पोचत नाही. ती बाहेर येईल चार एकतीसला."

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून एकोणीस मिनिटं झाली होती.

"गाडीत माणूस नाही. ती फक्त बोगद्याच्या तोंडाचा सिग्नल वाचते," पटवेकर सांगत होते. "तो आपोआप चालतो, इथून लाल करता येत नाही. बाहेर आल्यावर मी आदेश देईन, पण ट्रॉली तिथून फक्त चारशे मीटरवर आहे. आदेश पोचून ब्रेक लागेपर्यंत..."

"आणि तिथं ब्रेकला अंतर जास्त लागतं," आजी म्हणाली.

"का?" मुक्तानं विचारलं.

"वजन कमी झालं तरी गाडीचं वस्तुमान (तिच्यातलं एकूण द्रव्य) तेवढंच राहतं. पळणारी गाडी तितकीच जड धावते, पण रुळाला मात्र हलकी टेकते. चाकांची पकड एक षष्ठांश. थांबायला सहापट अंतर." आजीनं फोन घट्ट धरला. "साहेब, माझ्या मुलीशी जोडून द्या. लगेच."

खरखर झाली. मग मावशीचा आवाज आला. "आई? आता परत कसा फोन?"

"पद्मा, सिग्नल हिरवा आहे. ट्रॉली फलकावर दिसत नाहीये. गाडी बोगद्यात आहे, अकरा मिनिटांत येईल."

अडीच सेकंद. मग आणखी काही सेकंद.

"मी उतरून बाजूला होऊ शकते," मावशी म्हणाली, "पण माझी हवा ट्रॉलीच्या टाकीतून येते. पाठीवरच्या नळकांड्यात अर्ध्या तासाची आहे. डेपो पायी दोन तास." तिचा श्वास जोरात ऐकू येत होता. "ब्रेक सुटत नाहीयेत, आई. ट्रॉली हलणार नाही."

आजीनं डोळे मिटले. मुक्तानं फळीकडे पाहिलं. सिग्नल लाल करायला चाकं कशाला हवीत? दोन रूळ जोडले गेले की झालं!

"मावशी! दोन रुळांवर लोखंड आडवं टाक! वीज तिथूनच परत जाईल!"

सेकंद सरकले. "कळलं. लांब पाना आहे माझ्याकडे. टाकते... टाकला. आडवा पडलाय."

"साहेब?" आजीनं विचारलं.

"फलकावर काही नाही," पटवेकर म्हणाले. "सातवा टप्पा अजून रिकामाच."

चार चोवीस.

"धूळ!" मुक्ता किंचाळली. "मावशी, पानासुद्धा धुळीवरच बसलाय! नुसता ठेवून उपयोग नाही. दोन्ही रूळ खरवड. चकचकीत होईपर्यंत. मग ट्रॉलीच्या बॅटरीची वायर सोडवून तिची दोन टोकं दोन रुळांना चिमट्यानं घट्ट आवळ."

आता फक्त मावशीचा श्वास ऐकू येत होता. अंतराळपोशाखाच्या जाड हातमोज्यांत धड सुरीही धरता येत नाही, हे मावशीनंच मागे सांगितलं होतं. मुक्ता सेकंदकाट्याकडे बघत राहिली. चार सव्वीस झाले. अठ्ठावीस झाले.

"एक बाजू झाली," मावशी म्हणाली. "दुसरीकडे चिमटा निसटतोय."

"खाली वाकून रुळाच्या खालच्या कडेला धर," आजी म्हणाली. तिचा आवाज आता अगदी स्थिर होता, चौतीस वर्षं रुळांवर उभं राहून माणसांना सूचना देणारा. "घाई करू नकोस. वरची कड गोल आहे, खालची धारदार आहे, तिथं धूळही बसत नाही. तिथं धरेल तो. आणि घट्ट बसला की रूळ सोडून दूर पळ."

चार एकोणतीस.

चार तीस.

"लाल!" पटवेकर ओरडले. "सातवा टप्पा भरलेला दाखवतोय! सिग्नल लाल झाला!"

पण गाडी थांबली का, हे अजून कुणालाच ठाऊक नव्हतं. मुक्तानं आजीचा पदर मुठीत धरला.

"बाहेर आली," मावशीचा आवाज आला. "येतेय. ब्रेक लागलेत, चाकं घसरताहेत. तीनशे मीटर... दोनशे... अजून येतेय." मग बराच वेळ काहीच नाही.

"थांबली. आई, थांबली. साठ पावलांवर उभी आहे."

आजी फोनमध्ये म्हणाली, "पद्मा, अर्जफाट्यांचा कंटाळा पुन्हा कधी केलास तर बघ." आणि मग तिला रडू कोसळलं.

पुढच्याच आठवड्यात पटवेकरांचं पत्र आलं. सगळ्या मार्गावरचे रूळ घासून झाले होते. पण धूळ पुन्हा बसणारच होती. तेव्हा प्रत्येक टप्प्याच्या दोन्ही टोकांना आस-गणक (किती आस आत गेले आणि किती बाहेर आले हे मोजणारं यंत्र) बसवायचं ठरलं होतं. दोन आत गेले आणि दोन बाहेर आले, तरच टप्पा रिकामा. गणकाला विजेचा स्पर्श लागत नाही. जाणाऱ्या चाकामुळे चुंबकाच्या शक्तीत पडणारा फरक त्याला पुरतो.

मुक्तानं आणि आजीनं लगेच दोन छोटे गणक बनवले आणि राखेच्या चंद्रावर बसवले. ट्रॉली आत गेली: दोन. सिग्नल लाल. बाहेर आली: शून्य. सिग्नल हिरवा. कितीही राख टाकली तरी चूक होईना.

मुक्ता बराच वेळ गाल हातावर टेकून बघत बसली. मग तिनं ट्रॉली टप्प्याच्या मधोमध थांबवली आणि गणकाचं बटण बंद करून पुन्हा चालू केलं.

गणकावर शून्य आलं. सिग्नल हिरवा झाला. ट्रॉली तिथंच उभी होती.

"आजी, वीज गेली की हा मोजलेलं विसरतो," ती म्हणाली. "आणि विसरला की रिकामं आहे असं समजतो."

"मग काय करायचं?"

"विसरला तर त्यानं लाल व्हायला हवं. कुणीतरी खात्री करून रिकामं आहे असं सांगेपर्यंत लालच राहायचं. माहीत नसणं म्हणजे रिकामं असणं नव्हे ना?"

आजीनं चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. "पटवेकरांना लिही हे. अगदी याच शब्दांत."

मुक्तानं लिहिलं. उत्तर यायला नऊ दिवस लागले. दक्षिण ध्रुवाकडे जाणाऱ्या नव्या मार्गाचं काम पावसाळ्यानंतर सुरू होणार होतं. आजवर त्या अंधाऱ्या विवरांपर्यंत माणूस रुळांवरून गेला नव्हता. तिथले सगळे गणक वीज जाऊन आल्यावर लाल दाखवतील, असं पटवेकरांनी कळवलं होतं. सोबत नव्या मार्गाचा नकाशा होता, एकशे दहा किलोमीटरचा.

मुक्तानं तो फळीवर पसरला आणि मोजपट्टी लावून पाहिली.

"आजी, आपल्याला अजून दहा-अकरा फळ्या लागणार," ती म्हणाली.