मिनबायची लाल पाटी

आमच्या कोसकुदुक स्टेशनात थापा मारण्यात माझा हात धरणारा कोणी नाही. पण हे खरं आहे.

थाप असती तर मी हिच्यापेक्षा बरी रचली असती. आणि शेवटी जिंकलो असतो.

पैज लागली रविवारी, शेजारच्या कुल्याश आजीकडे. तिने थंडीसाठी घोडा कापला होता, सगळी आळी जेवायला होती. माझा साडू अमंतूरही होता. दोघी बहिणींपैकी धाकटीने याच्यात काय पाहिलं, अल्ला जाणे. मी ज्या खताच्या डेपोत टाक्या रिकाम्या करतो, तिथेच तो नुकताच शिफ्टचा मुकादम झाला होता. म्हणजे टोपी नवी, डोकं जुनंच.

दात कोरत तो म्हणाला की डेपोतले नियम भित्र्या बायकांनी केलेत. डेपोतल्या त्या मेलेल्या मिनबाय म्हाताऱ्याने तुम्हा सगळ्यांना बायका करून ठेवलंय. एकेका टाकीमागे अर्धा तास फुकट जातो.

नियम असे. अमोनियाने भरलेला टाकीचा डबा आला की आधी चाकांखाली लाकडी उट्या, म्हणजे पाचरी, ठोकायच्या. मग रुळात लाल पाटी रोवायची, म्हणजे इंजिन आत येणार नाही. आणि नळी जोडलेली असेपर्यंत टाकी सोडून हलायचं नाही. कारण इंजिनाचा नुसता धक्का लागला तरी नळी तुटते. आणि वारा सरळ आमच्या चाळीस घरांकडे जातो.

त्यातलं एक माझं. एक त्या गाढवाचंही.

आणखी एक रीत आहे, ती कुठल्या कागदावर नाही. पाटी ज्याची त्याची. तिच्यावर आपल्या कुळाची खूण रंगवलेली असते. एकाने लावलेली पाटी दुसऱ्याने काढायची नाही, साहेब बोंबलला तरी नाही. आणि माणूस मेला की त्याची पाटी त्याच्या थडग्याच्या कठड्याला तारेने बांधतात.

मिनबायची सहा वर्षं तिथेच आहे. दोन वाकड्या रेघांची खूण.

म्हातारा फार किरकिरा होता. प्रत्येक उटीला मोजून तीन ठोके. मी त्याच्या उट्या लपवायचो. तो एक शब्द न बोलता शोधायचा आणि पुन्हा तीन ठोके.

अमंतूर म्हणाला, "बुधवारच्या टाकीला पाटी नाही, उट्या नाहीत. नळी जोडून मी घरी चहाला येणार. टाकी सुखरूप रिकामी झाली, तर तू बायकोचा रुमाल डोक्याला बांधून गाढवावर उलटा बसायचं. बाजारभर."

"आणि घाबरून पाटी लावलीस तर?"

"तर मी बसेन. पण तू मध्ये तडमडलास तर तू हरलास."

कुल्याश आजी म्हणाली गाढव माझं घ्या, पण तुम्हा दोघांपैकी कोणीही बसलं तरी लाज त्यालाच वाटेल.

मी पाजी आहे, वेडा नाही. स्टेशनात फोन करून सांगून ठेवलं की संध्याकाळपर्यंत आत इंजिन पाठवू नका. मग बुधवारी पंपाच्या खोलीत हातोडी घेऊन दबा धरून बसलो. बेत सोपा होता. साडू चहा पिऊन परत आला की टाकीवर तीन ठोके मारायचे. मिनबायचे तीन. मुकादमसाहेबांची विजार ओली झाली असती आणि पाटी आपोआप लागली असती.

सतरा जानेवारी. सकाळचे अकरा.

धुकं असं की स्वतःचा हातमोजा दिसत नव्हता.

अमंतूर आला. टाकीवर चढला, नळी जोडली, झडप उघडली. पाटी नाही, उट्या नाहीत. शीळ वाजवत घरी निघून गेला.

मी एकटा.

पंपाची घरघर. बाकी काही नाही. कुत्रंसुद्धा नाही...

आणि मग...

ठक... ठक... ठक.

लाकडावर लाकूड. टाकीच्या पलीकडून.

मला हसू आलं. म्हटलं, टरकला. चोरून परत आला आणि उट्या ठोकतोय. मी गाढवावर बसलेला अमंतूर डोळ्यांपुढे आणला आणि हातोडी खाली ठेवली.

ठक... ठक... ठक. दुसरं चाक.

तेवढ्यात माझ्या मागून शीळ ऐकू आली.

मागून... घराच्या वाटेवरून...

धुक्यातून अमंतूर आला. तोंडात वडा, मिशीला साय. मला पाहून म्हणाला, "तू इथे? हरलास."

मी त्याचं मनगट धरलं.

ठक... ठक... ठक.

त्याचं चावणं थांबलं.

मग रूळ थरथरायला लागले.

इंजिन. आतल्या रुळावर. माझा निरोप त्या स्टेशनातल्या कुठल्या ठोंब्याने पुढे दिला नाही, ते आजपर्यंत कळलेलं नाही. दिवा दिसत नव्हता. नुसता आवाज मोठा होत होता. मी ओरडत धावलो. अमंतूर जागचा हलला नाही. नळीकडे बघत उभा, अर्धा वडा हातात.

ब्रेक किंचाळले. टाकीपासून दहा पावलांवर इंजिन थांबलं.

ड्रायव्हर झोलदास खाली उतरला. आधी त्याने आमच्या सात पिढ्या उद्धरल्या.

मग म्हणाला, "तुमच्या त्या म्हाताऱ्याला सांगा, पाटी रुळात रोवतात. छातीशी धरून मध्ये उभं राहत नाहीत. मेला असता."

आम्ही बघितलं.

रुळात पाटी रोवलेली होती. लाल. जुनी, रंग उडालेली.

दोन वाकड्या रेघा.

चारही बाजूंनी उट्या घट्ट बसलेल्या. बर्फात आमच्या तिघांचे ठसे. चौथ्याचा एकही नाही.

झोलदासने खूण ओळखली आणि टोपी काढली. डेपोच्या साहेबाने फोनवर आरडाओरडा केला, पाटी उपटा, इंजिन हलवा, कामचुकारांनो. मी म्हणालो, साहेब, पाटी ज्याची त्यानेच काढायची. तुम्ही त्याला बोलवा. साहेबाला नाव सांगितलं. त्याने फोन ठेवला.

टाकी रिकामी व्हायला चार तास लागले. चार तास अमंतूर नळीपासून हातभर लांब गेला नाही. मुकादमसाहेब, ज्यांना नियम बायकी वाटत होते, लघवीलाही हलले नाहीत.

शेवटी नळी सोडली. झाकण आवळलं. वाफ नाही, गळती नाही, बघून घेतलं.

मागे वळलो...

पाटी नव्हती.

उट्या रुळाच्या कडेला ओळीने मांडून ठेवलेल्या. मिनबाय ठेवायचा तशा. मोठी आधी.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच कबरस्तानात गेलो. चार मैल. बर्फ कोरा. पाटी कठड्यालाच होती, तार तशीच गंजलेली, न सुटलेली.

मी नाक जवळ नेलं.

अमोनियाने डोळ्यांत पाणी आलं.

मी हे सगळं कुल्याश आजीकडे जमलेल्या लोकांना सांगितलं. एकेक गोष्ट. शपथेवर.

सगळे पोट धरून हसले.

पाटी तूच लावलीस, म्हणाले. थडग्यावरून चोरलीस, मेल्या माणसाला तरी सोड. झोलदास तुला सामील. मागे साहेबाच्या गमबुटात मासे कोणी घातले होते, तूच ना? आजीने निकाल दिला की हा मध्ये तडमडला, हा हरला. झोलदास तोंड उघडायला तयार नव्हता. आणि अमंतूर? तोही हसला. सगळ्यांत मोठ्याने.

शनिवारी बाजार. डोक्याला बायकोचा फुलाफुलांचा रुमाल, गाढवावर उलटा मी. पोरं बर्फाचे गोळे मारत होती. खरबूज सुकवून विकणाऱ्या बाया रडेपर्यंत हसल्या. गाढवाची दोरी अमंतूरने धरली होती, मानाने.

कसायाच्या दुकानापुढे गलका वाढला. तेव्हा मागे न बघता तो हळूच म्हणाला, "साडू, आता तरी सांग. पाटी तूच लावलीस ना?"

जन्मात पहिल्यांदा त्याला मी लबाड असायला हवा होतो.

'हो' म्हणालो असतो तर सोमवारी हा पुन्हा पाटी न लावता चहाला गेला असता.

"मी नाही," म्हणालो.

त्याने दोरी हाताला गुंडाळली.

बाजार संपला, पैज फिटली, लोक पांगले. आजी लांबून ओरडली की उतर आता, गाढव दमलं. पण अमंतूर दोरी सोडेना, तसाच चालत राहिला, रिकाम्या रस्त्यावर. आणि मीही उतरलो नाही. उलटा बसून मागे पडत जाणारा बर्फ बघत होतो. गाढवाच्या खुरांचे ठसे. अमंतूरच्या बुटांचे.

तेवढेच आहेत ना... पुन्हा पुन्हा मोजत होतो.