पॉजवर ठेवलेले नागोराव

ही घटना घडलेली आहे. कुणाला थाप वाटत असेल तर त्यानं नेरडीगोंड्याच्या बाजूला अमरच्या घरी जाऊन यावं. अमर चहा पाजेल.

लॅपटॉपला हात मात्र लावू देणार नाही.

संक्रांत नुकतीच झाली होती. ज्वारी दाण्यात आली होती. दिवेलागणीची वेळ.

आणि अमर शेतात रागानं लाल होऊन उभा होता.

कारण त्याचे वडील त्याला शिव्या देत होते.

वडील श्रावणात वारले होते.

आता यात भुताटकी काही नव्हती. निदान तोपर्यंत तरी.

ज्वारीला राखण लागते. दिवसा पाखरं, अंधारलं की रानडुकरं. नागोरावांच्या, म्हणजे अमरच्या वडिलांच्या, घरचा रिवाज असा की मचाणीवर घरचाच माणूस बसणार. एक दिवस बाप, एक दिवस लेक. लेकाची पाळी आली की लेकाचं डोकं दुखायचं. मग बापच गोफण उचलायचा.

कॉम्प्युटर शिकलेल्या अमरनं मागच्या हंगामात यावर तोड काढली. मचाणीला भोंगा बांधला, खाली जुना लॅपटॉप आणि सोलरची बॅटरी. प्रोग्राम लहानसाच लिहिला. आवाज वाजवायचं काम एका तयार लायब्ररीकडे, म्हणजे दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेल्या कोडकडे, सोपवलं. तिला नुसता हुकूम सोडायचा. वाजव. पॉज कर. पुढे चालू कर. बंद कर. लायब्ररी उलटून बोलत नाही.

आवाज कुणाचा? तर नागोरावांचा. त्यांच्या ओरडण्यानं शेजारच्या लक्ष्मणरावांचे बैलही दावं तोडायचे.

पण मोबाइल समोर धरला आणि नागोराव लाजले.

"डुकरं हो..." ते हळूच म्हणाले. "जा बरं."

अशानं डुकरं जेवायला बसली असती.

शेवटी अमर म्हणाला, "बाबा, आजपासून मी राखनीले येत नसतो. हा डब्बा येईन."

बस. खरा आवाज निघाला.

"अमऱ्या! मानसाचं काम डब्ब्याले सांगतं काय रे? ऊठ! चढ मचानीवर!"

तेच रेकॉर्ड झालं. तेच शेतात वाजू लागलं. डुकरं पळाली. पाखरं पळाली. फक्त अमरची इज्जत शिवारात राहिली, तीही थोडी.

यंदा वडील नव्हते. आवाज होता. अमरनं तोच लावला.

त्या संध्याकाळी फोन आला म्हणून त्यानं पॉज दाबलं. वडील "मानसाचं काम" एवढ्यावर थांबले. फोन झाल्यावर त्यानं पुढे चालू केलं. पुढचा शब्द "डब्ब्याले" यायला हवा होता.

आला नाही.

"...आनि तवा बी तू झोपूनच होता!" भोंगा ओरडला.

अमरनं फाईल पुन्हा ऐकली. पुन्हा पुन्हा ऐकली.

त्यात ते वाक्यच नव्हतं...

त्यानं परत पॉज दाबलं. थोडा वेळ थांबला. चालू केलं.

वडील भलतीकडेच पोचले होते. जणू पॉजमध्येही ते बोलतच होते. फक्त इकडे ऐकू येत नव्हतं.

दोन-चार दिवसांत आणखी एक झालं.

आवाज बसला.

फाईलचा घसा बसत नाही. हे अमरला कॉलेजात शिकवलं नव्हतं, कारण शिकवायची गरज कुणाला वाटली नव्हती.

"ओरडू ओरडू बसला त्यायचा घसा," अमरची आई मथुराबाई म्हणाल्या. आणि त्यांनी आल्याचा काढा करून पेला भोंग्याखाली ठेवला.

"आई, तो भोंगा हाय!"

"मंग? भोंग्याले घसा नसते काय?"

सकाळी पेला रिकामा होता. मुंग्यांनी प्यायला असेल, असं अमर स्वतःला म्हणाला.

आवाज खणखणीत झाला होता...

मग अमरचं डोकं फिरलं. आयुष्यभर याच शिव्या. आता मेल्यावरही याच. त्या संध्याकाळी तो भोंग्याखाली उभा राहिला आणि जन्मात पहिल्यांदा बापावर ओरडला.

"बस करा ना बाबा! मेले ना तुमी!"

भोंगा गप्प.

स्क्रीनवर आवाज चालू दिसत होता.

रातकिडेही थांबले...

मग भोंगा बोलला. ओरडला नाही. हळू बोलला, दमलेल्या माणसासारखा.

"मेलो ना रे... मंग माही पाळी कवा संपन?"

अमर लॅपटॉपकडे झेपावला. हात 'बंद कर'कडे गेला.

"बंद नोको करू!" मागून मथुराबाई ओरडल्या. हातात काढ्याचा पेला होता. "एकदा झाले ते बंद. मी पाह्यलं. पुन्यांदा नाई पाहत."

"मंग काय करू? हे मले खाऊन राह्यले, आई!"

"तुही पाळी तेच करून राह्यले, ते नाई दिसत? थांबव फक्त. टेकू दे त्यायले. आनि चढ वर!"

अमरनं पॉज दाबलं. शिव्या देत मचाणीवर चढला. डुकरं आली तेव्हा तो ओरडला, आणि त्याचाच आवाज ऐकून तोच दचकला. हुबेहूब नागोराव.

ज्वारी घरी आली. लॅपटॉपही आला. भिंतीतल्या देवळीत ठेवला आहे, चार्जिंगला लावून. पॉज अजून तसाच. शेजारी मथुराबाई रोज रात्री काढ्याचा पेला ठेवतात.

पॉजमध्ये सेकंदांचे आकडे थांबायला हवेत. ते पुढे सरकत होते...

लक्ष्मणराव एकदा म्हणाले, "दाब ना गा, आयकू तरी काय म्हनतेत नागोराव."

"तुमच्या बापाचं आयका!" अमर अंगावर गेला.

कारण संक्रांतीपासून ते अखंड बोलत होते. आणि विषय एकच. अमर.

पण परवा आकडे थांबले.

अमरनं आईला सांगितलं नाही. तो देवळीसमोर बसला. आधी खूश झाला. मग चिडला.

"काऊन गप झाले?" तो दात खाऊन म्हणाला. "बोला ना."

सकाळी काढ्याचा पेला रिकामा होता. मथुराबाईंनी तो उचलला, आत पाहिलं आणि समाधानानं मान हलवली.

"घसा बरा झाला वाटते."

अमरचं बोट 'पुढे चालू कर'च्या बटणावर आहे. कालपासून.

अजून दाबलेलं नाही.